जुन्या गाडीचं टायमिंग एका जागी थांबत नसेल तर: डेल्को फिरवण्याआधीची तपासणी

जुनी पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० गॅरेजमध्ये नेली आणि सांगितलं, 'सिग्नलला थरथरते, मध्येच मिस मारते, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पिकअप सोडते,' की बहुतेक ठिकाणी पहिला हात डेल्कोवर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर जातो. बोल्ट सैल करायचा, डेल्को थोडा इकडे, थोडा तिकडे, इंजिनाचा आवाज जरा भरला की बोल्ट घट्ट. गाडी चार दिवस बरी चालते आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

असं होणारच. डेल्को फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे किंवा मागे सरकवता येते, पण डळमळणारं टायमिंग त्यानं स्थिर होत नाही. टायमिंग चुकीचं असणं आणि टायमिंग अस्थिर असणं हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि दुसरा बरा केल्याशिवाय पहिल्याला हात लावण्यात अर्थ नाही. टायमिंग दाखवणारी इंजिनावरची खूणच नाचत असेल तर टायमिंग लावणार तरी कुठे? म्हणून या लेखातलं जवळपास सगळं काम डेल्कोचा बोल्ट न सोडता करायचं आहे. डेल्कोचीच दुरुस्ती निघाली नाही, तर तो बोल्ट शेवटीच सुटेल.

हे सगळं डेल्को असलेल्या गाड्यांना लागू आहे: पद्मिनी, अँबेसेडर, कार्बोरेटरच्या मारुती ८००, ओम्नी, जिप्सी. ठाणे-नवी मुंबईत या गाड्यांचं एक खास दुखणं आहे. खाडीची दमट, खारट हवा बारा महिने असते, त्यात पावसाळ्याचे चार महिने, आणि गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी. रोज पळणाऱ्या गाडीचे पॉइंट (डेल्कोच्या आत उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क) घासून स्वच्छ राहतात; उभ्या गाडीच्या पॉइंटवर थर चढतो, कॅपच्या, म्हणजे डेल्कोच्या झाकणाच्या, आत ओल धरते, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी डेल्कोतली वजनं जागच्या जागी गंजतात. त्यामुळे आपल्याकडे किलोमीटर कमी म्हणून डेल्को चांगला, असा हिशेब धरता येत नाही.

काय लागेल

प्लग वायरवर चिमटा लावायचा आणि ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट, मल्टीमीटर (पॉइंटला जोडलेला कंडेन्सर मोजता येणारा असेल तर उत्तम), फिलर गेज, पाने, पांढरा रंग किंवा खडू, आणि तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) मिळाला तर अर्धं काम सोपं होतं. काही मल्टीमीटरमध्ये तो असतोच. मॅन्युअलला पर्याय नाही. पॉइंटचा गॅप आणि टायमिंगचे अंश मॉडेलप्रमाणे, सालाप्रमाणे बदलतात. शेजारच्या पद्मिनीचा आकडा तुमच्या मारुतीला लावू नका.

सुरू करण्याआधी दोन धोके लक्षात घ्या. टायमिंग लाइटच्या झगमगाटात फिरणारा पंखा आणि बेल्ट थांबल्यासारखे दिसतात. पद्मिनीचा पंखा इंजिनाबरोबर फिरतो, मारुतीचा विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो. सैल बाही, गळ्यातली साखळी, लोंबणारी वायर, काहीही त्याच्याजवळ नको. दुसरा धोका धुराचा. पोडियमखालच्या किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम अजिबात करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर आणा, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

आधी लाइटवर विश्वास ठेवता येईल इतकी तयारी

पद्मिनीत खूण क्रँकच्या पुलीवर असते. मारुती ८०० मध्ये ती फ्लायव्हीलवर असते. गिअरबॉक्सच्या घंटेवरचं रबरी बूच काढलं की त्या भोकातून दिसते. तेल-माती पुसा आणि खुणेवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. जाड फराटा ओढलात तर त्या जाडीतच दोन अंश हरवतील. पुली दोन भागांची, मध्ये रबर असलेली असेल तर जुनं रबर सुटून बाहेरची कडी सरकलेली असू शकते. अशा वेळी एक नंबरचा प्लग काढून पिस्टन खरोखर वर आल्यावर खूण शून्यावर येते का, ते एकदा पाहून घ्या.

लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरवर, बाकीच्या वायरींपासून लांब लावा. वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतील तर चिमटा शेजारच्या वायरचा झटकाही उचलतो आणि नसलेला बिघाड दाखवतो.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. चोकची कळ पूर्ण आत ढकला. डेल्कोच्या व्हॅक्यूम डबीची (कार्बोरेटरकडच्या ओढीनं टायमिंग पुढे नेणारी डबी) नळी काढा आणि कार्बोरेटरकडचं तोंड बुचानं बंद करा. स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग, मॅन्युअलमध्ये दिलाय तितका आणा. ही पायरी घाईत सुटते आणि पुढचा दिवस फुकट जातो. स्लो जास्त असेल तर डेल्कोतली वजनं उघडायला लागलेली असतात. मग इंजिनाचा वेग जरा वर-खाली झाला की खूणही वर-खाली होते, आणि आपण डेल्कोला दोष देत बसतो.

इथे पेट्रोलचाही विचार करा. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुना कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं बनवलेला, त्यामुळे या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं आणि स्लो भटकू शकतो. स्लो भटकत असेल तर आधी मिश्रणाचा स्क्रू बघा, कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे जोड बघा. जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि इंजिनाचा सूर बदलला, तर तिथून हवा शिरते आहे. गरम इंजिनावर या कामासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे वापरू नका.

खूण कशी नाचते ते पाहा

आता लाइट धरा आणि निदान मिनिटभर नुसतं बघत राहा. लाइटच्या उजेडाची लय आणि खुणेची हालचाल, या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या.

उजेडच मध्येमध्ये गायब होत असेल तर ठिणगीच पडत नाही. तो टायमिंगचा प्रश्न नाही, मिसिंगचा आहे: ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल, कंडेन्सर, कॅपखाली फिरणारा रोटर, कॅप किंवा वायर. चिमटा दुसऱ्या वायरवर नेऊन पाहा. सगळीकडे गायब होत असेल तर बिघाड बहुधा रोटरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे, एकाच वायरवर होत असेल तर कॅपमध्ये किंवा तिच्या नंतर.

उजेड नियमित पडतोय, पण खूण एका जागी न राहता काही अंश थरथरते, तर हा खरा अस्थिर टायमिंगचा बिघाड. पॉइंट, पॉइंट ज्यावर बसतात ती प्लेट किंवा डेल्कोचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश यांवर संशय धरा.

खूण थरथरत नाही पण हळूहळू सरकते आणि परत येते, तर बहुधा स्लो भटकतोय. मागच्या टप्प्यावर परत जा.

रेस करून सोडल्यावर खूण पुन्हा मूळ जागी येत नाही, किंवा दर वेळी वेगळ्या जागी थांबते, तर वजनं अडकतात किंवा स्प्रिंग गेलीय.

खूण स्थिर आहे, पण व्हॅक्यूमची नळी जोडल्याबरोबर नाचू लागते, तर डबी, तिची नळी किंवा हलणारी प्लेट.

आणि खूण अगदी स्थिर आहे, फक्त चुकीच्या जागी आहे, तर तुमचं काम सोपं आहे. पॉइंटचा गॅप तपासा आणि थेट टायमिंग लावण्याच्या टप्प्यावर जा.

चार सिलिंडरच्या गाडीत आणखी एक पडताळणी करता येते, आणि ती फार थोडे लोक करतात. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. एक नंबर पेटल्यावर क्रँकचा बरोबर एक फेरा झाला की चार नंबर पेटतो. म्हणजे चिमटा एकवर लावा किंवा चारवर, खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन्हींत फरक पडला तर डेल्कोचा शाफ्ट वाकडा आहे, बुश झिजलाय किंवा शाफ्टवरचा, पॉइंट उघडणारा कॅम असमान घासलाय. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि डेल्को न काढता शाफ्टचं निदान. मारुतीच्या तीन सिलिंडरांत हे जमत नाही, कारण तिथे ठिणग्या २४० अंशांवर पडतात आणि दुसऱ्या सिलिंडरची खूण समोर येतच नाही.

विजेची बाजू

कॅप काढा. आतून कोरड्या फडक्यानं पुसून उजेडात धरा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ किंवा तडा दिसला तर कॅप बदला; घासून ती बरी होत नाही. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा आत-बाहेर होतो का, रोटरच्या टोकाला खोल खड्डा पडलाय का, ते पाहा. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालवा आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. गळणारी ठिणगी निळी चमकते. आपल्याकडे जून-जुलैत गाडी सकाळी उठत नाही आणि दुपारी ठणठणीत चालते, त्याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

वायरींच्या मांडणीकडेही बघा. १-३-४-२ मध्ये तीनच्या लगेच पाठोपाठ चार पेटतो, आणि त्यांच्या वायरी शेजारीशेजारी. त्या लांबपर्यंत चिकटून गेल्या असतील तर एकीचा झटका दुसरीत उतरू शकतो. क्लिपांनी वेगळ्या करा.

आता पॉइंट. दोन्ही तोंडं सपाट, करडी हवीत. एकावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा तयार झाला असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. जुन्या गाड्यांचा कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास मोजला जातो. सध्या बाजारात मिळणारे सगळेच नवे कंडेन्सर चांगले असतात असं मी मानत नाही. चालणारा जुना असेल तर तो सांभाळून ठेवा आणि नवा मोजल्याशिवाय बसवू नका.

पॉइंट बंद स्थितीत (एकमेकांना टेकलेले) आणा, इंजिन बंद, चावी चालू. मल्टीमीटरची एक पिन कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर पॉइंट मळलेत किंवा डेल्कोचं अर्थिंग कच्चं आहे. मोजून झालं की चावी लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापत राहील.

इथेच एक लपलेला बिघाड असतो. डेल्कोच्या आत टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक मऊ, विणलेली छोटी वायर जाते, आणि प्लेटला अर्थिंगची तशीच दुसरी. व्हॅक्यूमनं प्लेट हलली की या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते आणि वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मग गाडी स्लोला शहाण्यासारखी उभी राहते आणि अॅक्सिलरेटर दिला की झटके देते. मीटर बीपवर ठेवून प्लेट हातानं हलवा. बीप तुटला तर चोर सापडला. जाड, कडक वायर लावून दुरुस्ती करू नका. तिच्या ताठरपणानं प्लेटच अडकते.

कॉइल थंड असताना चांगली आणि तापल्यावर मिस मारणारी असू शकते. बॅलास्टशिवायच्या (कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टर नसलेल्या) १२ व्होल्ट कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. थंड असताना एकदा आणि गाडी मिस मारायला लागल्यावर पुन्हा एकदा मोजा. चावीच्या स्विचवर संशय असेल, आणि गाडीला बॅलास्ट नसेल, तर बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला मध्ये फ्यूज असलेली वायर थेट लावून पाहा. झटके गेले तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. ही वायर लावलेली असताना चावी काढूनही इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पिकअप असलेल्या गाडीत गॅप पितळी फिलर गेजनं मोजा. लोखंडी पट्टीला पिकअपचं चुंबक ओढून घेतं आणि माप चुकतं. या गाड्यांतही शाफ्टचा बुश झिजतोच, त्यामुळे पुढचा भाग त्यांनाही लागू आहे.

शाफ्ट, बुश आणि वजनं

डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे डेल्कोत १ अंशाचा खेळ असेल तर क्रँकवर २ अंश दिसतो. त्यामुळे हाताला किरकोळ वाटणारा प्ले लाइटखाली मोठा होतो.

रोटर काढा. शाफ्टचं टोक धरून आडवं हलवा, आणि पॉइंटच्या टाचेच्या (कॅमवर घासणाऱ्या भागाच्या) दिशेनं मुद्दाम दाबून पाहा. पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप मोजा, शाफ्ट दाबून पुन्हा मोजा. गेजची पट्टी बदलावी लागली तर बुश गेलाय. ड्वेल मीटर असेल तर आणखी स्पष्ट कळतं: व्हॅक्यूमची नळी काढलेलीच ठेवून स्लोचा ड्वेल आणि २००० आरपीएमचा ड्वेल यांत २-३ अंशांपेक्षा जास्त फरक पडायला नको. ड्वेलमधला १ अंश म्हणजे टायमिंगमधला साधारण १ अंश, म्हणून हा आकडा सरळ कामाचा आहे.

मग शाफ्ट वर-खाली हलवून पाहा. पद्मिनीसारख्या इंजिनांत डेल्को कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांच्या गिअरनं फिरतो. दात तिरपे, म्हणून शाफ्ट वर-खाली सरकला की थोडा फिरतोही, आणि ते फिरणं म्हणजेच टायमिंगची थरथर. बुश नवा टाकून घेणारे पुष्कळ लोक हा उभा खेळ तसाच सोडतात. त्यासाठी वॉशर पातळ-जाड करून बसवावे लागतात.

बुशाचं काम चांगल्या लेथवाल्याकडेच द्या. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात असं काम करणारे हात मिळतात. शाफ्ट घेऊन जा आणि शाफ्टच्या मापाला बुश रीम करून मागा. तयार बुश ठोकून बसवला तर शाफ्ट आवळतो. शाफ्टच झिजला असेल तर अख्खा डेल्को शोधावा लागतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात, पण तिथेच रोटर हलवून, वर-खाली ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वजनं तपासायला रोटर बसवा, तो ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेला हातानं वळवा आणि सोडा. चटकन परत यायला हवा. रेंगाळला तर आतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय किंवा गंज आहे, खोलून धुवा. न वळवताच सैल लागला तर स्प्रिंग बघा. काही डेल्कोंत दोनपैकी एक स्प्रिंग मुद्दाम सैल ठेवलेली असते, ती ठराविक वेगानंतरच ताण घेते. ती बिघडलीय समजून आवळलीत तर वरच्या वेगाचा सगळा अॅडव्हान्स, म्हणजे टायमिंगचं पुढे जाणं, बिघडेल.

व्हॅक्यूम डबीच्या नळीला तोंड लावून हवा ओढा आणि जिभेनं नळी बंद करा. प्लेट सरकून तशीच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर आतला पडदा फाटलाय. गॅरेजमध्ये कोणीतरी डबी बायपास करून नळीला स्क्रू ठोकलेला असतो, ते एकदा तपासाच. अशी गाडी चालते, पण पेट्रोल जास्त पिते.

चेनचा खेळ

एवढं सगळं बरोबर असूनही खूण नाचत असेल तर डेल्कोच्या खाली उतरा. सगळे प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावा, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला फिरवून खूण शून्यावर आणा. आता क्रँक हळूच उलटा फिरवा आणि दुसऱ्या कोणाला रोटरवर नजर ठेवायला सांगा. रोटर हलेपर्यंत क्रँक ५-६ अंशांपेक्षा जास्त फिरला तर टायमिंग चेन किंवा डेल्कोचा गिअर झिजलाय. मारुतीत बेल्ट आहे. तिथे ही उलट फिरवण्याची चाचणी करू नका, सरळ कव्हर काढून बेल्टचा ताण आणि दात पाहा. बेल्ट एखादा दात सरकून बसला असेल तर खूण नाचत नाही, कायमची सरकते.

आता बोल्ट सोडा

आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा चालत नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला की मागे. टायमिंग लावून नंतर गॅप सुधारलात तर टायमिंग पुन्हा हललं. कॅमवर ग्रीसचा पातळ हात, रोटरखालच्या फेल्टवर तेलाचे एक-दोन थेंब, त्याहून जास्त नको. जास्तीचं तेल उडून पॉइंटवर बसतं.

इंजिन गरम, स्लो बरोबर, व्हॅक्यूमची नळी काढून बंद. डेल्कोचा बोल्ट जेमतेम सैल, मॅन्युअलचा आकडा येईपर्यंत बॉडी वळवा, बोल्ट घट्ट, आणि घट्ट केल्यावर लाइटनं पुन्हा तपासा, कारण आवळताना बॉडी सरकते. डेल्कोवर आणि ब्लॉकवर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवा. पुढे कोणी हात लावला तर लगेच कळेल. मग नळी जोडा आणि रेस वाढवत न्या. खूण एका दमात, न अडखळता पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर त्याच जागी परत आली पाहिजे.

रस्त्यावरची चाचणी रविवारी पहाटे करा. नवी मुंबईकरांना बेलापूरचा पारसिक हिलचा चढ आहे, ठाणेकरांना घोडबंदर रोडवर गायमुख, अर्थात वाहतूक मोकळी असेल तेव्हाच. टॉप गिअरमध्ये ४० च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनातून किंचित टिकटिक येऊन विरली तर ठीक. चढभर खणखणत राहिली तर टायमिंग २ अंश मागे घ्या.

त्याच फेरीत पीयूसी करून घ्या आणि कागद जपून ठेवा. जुन्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १५०० पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढा आला, तर एखादा सिलिंडर अजून मिस मारतोय किंवा मिश्रण फार पातळ आहे. कानाला न कळणारं मिसिंगही त्या आकड्यात दिसतं.

पॉइंट नवे टाकले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला भरभर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग गुपचूप मागे येतं. तेव्हा डेल्कोला हात लावू नका. गॅप परत मापात आणा, म्हणजे खूण आपोआप तिच्या जागेवर येईल.